सहीआधीचे शहाणपण

घटस्फोट हा शब्द उच्चारताना आमच्या समाजात आजही आवाज खाली येतो. तरीही फोंड्याच्या न्यायालयाची पायरी चढणारी दुरावलेली जोडपी आता कोणाला अपूर्वाईची वाटत नाहीत. त्यांचे प्रश्नही ठरलेले असतात. घर कोणाचे? मुले कोणाकडे? पोटगी मिळेल काय? सुटका व्हायला किती काळ लागेल? प्रश्न रास्त आहेत. खेद एवढाच की, यांपैकी सर्वांत मोठ्या प्रश्नाचे, म्हणजे घरादाराच्या वाटणीचे, उत्तर लग्नाच्या वेळीच कागदावर उतरलेले असते आणि ज्यांनी त्या कागदावर सही केली त्यांनाच त्याचा पत्ता नसतो.

पहिला गैरसमज कायद्याविषयीच आहे. वृत्तपत्रांत आणि चित्रपटांत दिसणारा घटस्फोट हा १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याखालचा असतो. तो कायदा गोव्यात लागू नाही. १९६१ साली गोवा मुक्त झाला, राज्यकर्ते गेले, पण त्यांचे कौटुंबिक कायदे १९६२ च्या संसदीय कायद्याने पुढे चालू राहिले. त्यामुळे पेडण्याची मुलगी सावंतवाडीत दिली किंवा दोडामार्गची सून डिचोलीत आली, तर कोणत्या बाजूचा कायदा लागू होणार, हे लग्न कोठे व कसे नोंदले गेले हे पाहून वकिलाकडून आधीच समजून घेतलेले बरे. शेजारच्या गावातील नातेवाइकाचा अनुभव येथे उपयोगी पडेलच असे नाही.

आमच्याकडे घटस्फोटाचा कायदा आहे तो १९१० चा. पोर्तुगालात राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आले, त्यानंतर महिन्याभरात तो झाला. मुंबई प्रांतातील हिंदूंना असा कायदा १९४७ साली मिळाला, हे लक्षात घेतले म्हणजे त्याचे मोल कळते. पत्नीचा व्यभिचार आणि पतीचा व्यभिचार त्याने सारखेच कारण मानले. मारहाण व गंभीर अपमान, सलग तीन वर्षे घर सोडून जाणे, चार वर्षे ठावठिकाणा नसणे, जुगाराचे जडलेले व्यसन, अशीही कारणे त्यात आहेत. परस्परसंमतीने वेगळे व्हायचे तर लग्नाला दोन वर्षे लोटलेली असावी लागतात आणि दोघांनी वयाची पंचवीस वर्षे पूर्ण केलेली असावी लागतात. त्यानंतरही फेरविचारासाठी एका वर्षाचा तात्पुरता टप्पा कायद्याने ठेवला आहे. रागाच्या भरात अर्ज करणाऱ्यांनी हे वर्ष ध्यानात ठेवावे.

आता सहीविषयी. म्हार्दोळला, मंगेशीला, कवळ्याला किंवा रामनाथीला देवळाच्या सभागृहात अक्षता पडतात आणि आपल्या मनात तेच लग्न असते. कायद्याच्या लेखी मात्र लग्न होते ते नोंदणी कार्यालयात. पहिली सही ही इराद्याची. हरकतींची मुदत सरल्यावर दुसरी सही होते आणि त्या क्षणी ती दोघे पतिपत्नी ठरतात, मग मुहूर्त सहा महिन्यांनी का असेना! परदेशी नोकरीच्या कागदपत्रांसाठी म्हणून घाईने सह्या होतात, पुढे सोयरीक मोडते, आणि एक दिवसही एकत्र न राहिलेल्या मुलीला न्यायालयातून मोकळीक मिळवावी लागते. ‘नुसती सही तर आहे’ या वाक्याने किती तरुण आयुष्यांची उमेदीची वर्षे खाल्ली आहेत!

मालमत्तेचेही तेच. लग्नापूर्वी नोटरीसमोर वेगळा करार केला नसेल, तर दोघांची मालमत्ता, लग्नाआधीची आणि नंतरची, वारशाने आलेलीसुद्धा, सामाईक मानली जाते आणि प्रत्येकाचा निम्मा हिस्सा ठरतो. लग्नानंतर ही पद्धत बदलता येत नाही. म्हणून एक पैसाही न मिळवलेली गृहिणी याचक ठरत नाही, ती निम्म्याची मालकीण असते. पत्नीच्या सहीवाचून पतीला जमीन वा घर विकता येत नाही, ते याचमुळे. अर्थात संसारासाठी काढलेल्या कर्जाचा भारही दोघांवर येतो, आणि सासूसासरे हयात असेतो त्यांचे घर हे त्यांचेच असते, त्यात सुनेचा वाटा पडत नाही.

एवढा हक्क हाती असताना आमच्या किती लेकी एक ट्रंक घेऊन माहेरी परततात आणि समोर आलेल्या कागदावर ‘काही मागणे नाही’ असे लिहून देतात? घटस्फोटाचा हुकूम झाला म्हणजे वाटणी झाली असे नव्हे. तिच्यासाठी इन्व्हेंटरीचे वेगळे प्रकरण चालवावे लागते. हुकुमाची नोंद विवाहाच्या नोंदवहीत करून घ्यावी लागते, नाहीतर पुनर्विवाहाच्या वेळी अडचण येते. पोटगीसाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे १४४ वे कलम आणि छळाविरुद्ध २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा गोव्यातही लागू आहेत. आणि १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागता येतो.

२०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने गोव्याच्या समान नागरी कायद्याचा गौरव केला. २०२५ पासून उत्तराखंडानेही आपला समान कायदा अमलात आणला. देश आमच्याकडे बोट दाखवतो, आणि आम्ही मात्र न वाचता सही करतो. ज्या कायद्याचे मूळ पोर्तुगीजमध्ये आहे, तो फोंड्याच्या वा सत्तरीच्या नवरीला तिच्या भाषेत कोणी सांगायचा? आमची मागणी साधी आहे. पहिल्या सहीच्या वेळीच नोंदणी कार्यालयाने वधूवरांना मालमत्तेचे पर्याय आणि दुसऱ्या सहीचा अर्थ मराठी-कोकणीत वाचून दाखवावा आणि त्याचे चार पानी पत्रक हाती द्यावे. पंचायती, महिला मंडळे आणि विवाहासाठी सभागृह देणाऱ्या देवस्थान समित्या यांनीही ते वाटावे.

असे पत्रक दिल्याने घरे मोडतील, अशी भीती कोणी घालील. आम्हांला ती पटत नाही. संसार टिकवण्यासाठी बायको अज्ञानात राहिली पाहिजे असे ज्याला वाटते, त्याचा संसार आधीच डळमळीत आहे. लग्नपत्रिकेतील प्रत्येक नाव आपण दहादा तपासतो. नोंदवहीतील दोन ओळी एकदा वाचून मगच सही करावी, इतकेच आमचे सांगणे आहे.