श्रीमंतांचा वारसा, कष्टकऱ्यांचे भंगार

मुळशी तालुक्यातील जांबे हे गाव हिंजवडीच्या माहिती-तंत्रज्ञान नगरीच्या अगदी शेजारी आहे. लग्नसराईत ह्या परिसरातील रस्त्यांवर हल्ली एक दृश्य नेहमीचे झाले आहे. लांबरुंद, उघड्या टपाची, चकाकत्या पट्ट्यांनी मढविलेली जुनी मोटार वाजतगाजत पुढे सरकते, तीत फेटा बांधलेला नवरदेव बसलेला असतो आणि मागे वाहनांची रांग लागते. त्या रांगेत अडकलेल्या बसमध्ये कारखान्यातली पाळी आटोपून परतणारे कामगार व घरकाम करणाऱ्या बाया ताटकळत असतात. भाड्याने मिळणाऱ्या अशा कित्येक मोटारी अस्सल नसतात. दुसऱ्याच गाडीच्या सांगाड्यावर जुन्या घाटाचे पत्रे चढवून त्या तयार केलेल्या असतात. पण समाज नक्कल कशाची करतो, ह्यावरून तो कशाची पूजा करतो हे कळते.

अस्सल मोटारींचे कौतुक तर विचारावयासच नको. मुंबई-पुण्याला जुन्या मोटारींचे मेळावे भरतात. १९५०च्या दशकातील कॅडिलॅक, शेव्हर्ले, ब्यूक, प्लिमथ ह्यांच्या रंगीत छायाचित्रांना वृत्तपत्रे पानेच्या पाने देतात आणि ‘हा आपला वारसा आहे, तो जपला पाहिजे’ असा उपदेश केला जातो. वारसा जपण्यास समाजवाद्यांचा विरोध असण्याचे कारण नाही. परंतु हा वारसा कोणाचा, तो कोणी जपला आणि त्याचे मोल आज कोणाच्या पदरात पडते, हे तीन प्रश्न विचारल्यावाचून ह्या उपदेशापुढे मान तुकविता येणार नाही.

प्रथम ह्या मोटारींच्या गुणवैशिष्ट्यांचाच विचार करू. त्यांचा पत्रा जाड होता, त्यांचे इंजिन दमदार होते आणि आठ सिलिंडरांचे ते यंत्र घडविणाऱ्या अमेरिकन कामगाराचे कसब निर्विवाद होते. गिअर आपोआप बदलणारी यंत्रणा १९४० सालच्या मोटारींत सामान्य ग्राहकापर्यंत पोचली, ही अभियांत्रिकीतील खरीखुरी प्रगती होय. पण चाहत्यांना भुरळ पडते ती ह्या प्रगतीची नव्हे. ती पडते मागच्या बाजूस माशाच्या परासारख्या उभारलेल्या पत्र्यांची, क्रोमच्या झळाळीची आणि दुरंगी रोगणाची. १९४८च्या कॅडिलॅकवर हे पर प्रथम आले. दुसऱ्या महायुद्धातील लढाऊ विमानाच्या शेपटीवरून जनरल मोटर्सचे हार्ले अर्ल ह्यांच्या विभागाला ती कल्पना सुचली होती. १९५९च्या कॅडिलॅकवर ते सर्वाधिक उंच झाले. ती मोटार पावणेसहा मीटरांच्या आसपास लांब, दोन टनांहून जड आणि ६.४ लिटर क्षमतेच्या इंजिनाची होती. त्या परांनी तिचा वेग वाढला नाही की प्रवाशाचे रक्षण झाले नाही. त्यांनी एवढेच केले की शेजाऱ्याची दोन वर्षांपूर्वीची मोटार जुनाट दिसू लागली.

हा योगायोग नव्हता, ते धोरण होते. १९२०च्या दशकापासून आल्फ्रेड स्लोन ह्यांच्या नेतृत्वाखाली जनरल मोटर्सने दरसाल नवे रूप बाजारात आणण्याची प्रथा रुजविली. चांगली चालणारी वस्तू मालकाच्या मनातून उतरविणे हाच तिचा हेतू. ह्या प्रथेचा हिशेब पुढे अर्थशास्त्रज्ञांनीच मांडला. फ्रँकलिन फिशर, झ्वी ग्रिलिकेस व कार्ल केसन ह्यांनी १९६२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९४९च्या मोटारी आधारभूत धरल्या. त्यानंतर वाढलेली लांबी, वजन, अश्वशक्ती, नवे साचे आणि जादा पेट्रोल ह्यांपायी १९५६ ते १९६० ह्या काळात दरसाल सुमारे ५०० कोटी डॉलर खर्ची पडत होते, आणि मोटारीच्या किमतीच्या पाव हिश्शाहून अधिक भार ह्या बदलांचा होता, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. हे तिघेही काही क्रांतिकारक नव्हते.

भांडवलशाहीचे वकील म्हणतात, ग्राहकाने हा पैसा स्वखुशीने दिला. पण बाजाराचा बहुतांश तीन कंपन्यांच्या मुठीत असता आणि तिघीही पत्र्याचीच स्पर्धा करीत असता ‘खुशी’ ह्या शब्दाला अर्थ किती उरतो? सुरक्षिततेची निवड त्या ग्राहकापुढे कोणी ठेवली होती? राल्फ नेडर ह्यांनी १९६५ साली मोटारींच्या रचनेतले धोके चव्हाट्यावर मांडले आणि १९६६ साली अमेरिकन संसदेने कायदा केला, तेव्हा कोठे सुरक्षितता ही सक्तीची बाब ठरली. त्या दमदार इंजिनांना लागणाऱ्या पेट्रोलमध्ये शिसे मिसळले जाई. ते विष जगभरच्या मुलांच्या रक्तात भिनले, ह्याची नोंद कोणत्याही मेळाव्याच्या पत्रकात नसते.

आता आपल्याकडची कहाणी. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला मोटारी जोडण्याचा कारखाना काढला. फोर्डचाही मुंबईत असाच कारखाना होता. ह्या कंपन्या सुटे भाग आणीत, जोडीत आणि विकीत. वालचंद हिराचंद ह्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी १९४४ साली स्थापन केली, आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लरशी झालेल्या करारानुसार डॉज, प्लिमथ व डिसोटो ह्या मोटारी बाहेर पडू लागल्या. १९५३ साली जकात आयोगाने स्पष्ट सांगितले की, ज्यांच्यापाशी देशातच भाग बनविण्याचा कार्यक्रम नाही, त्यांना येथे स्थान असू नये. तेव्हा जनरल मोटर्स व फोर्ड ह्यांनी गाशा गुंडाळला. प्रीमियर टिकली आणि तिने फियाट बनविली. पुढे तीच पद्मिनी झाली व काळ्या-पिवळ्या रंगात मुंबईची टॅक्सी म्हणून अर्धशतक राबली.

मागे राहिलेल्या अमेरिकन मोटारी कोणी जिवंत ठेवल्या? संस्थानिकांनी आणि गिरणीमालकांनी त्या टाकल्या किंवा विकल्या. त्यांतल्या पुष्कळशा टॅक्सी म्हणून धावल्या. सुटे भाग मिळेनासे झाले तेव्हा मुंबईच्या गल्लीबोळांतील मिस्त्री, लोहार, डेंटर व रंगारी ह्यांनी लेथवर भाग कातले आणि दुसऱ्या गाडीचे भाग घासूनपुसून बसविले. वारसा असेल तर तो हा आहे, आणि तो त्या हातांचा आहे. आज दिवाणखान्यातील चित्राप्रमाणे ह्या मोटारींच्या किमती चढतात, तेव्हा ज्याच्या कसबाने ती मोटार उभी राहिली त्या मिस्त्रीचे नाव पाटीवर नसते आणि नफ्यात त्याचा वाटाही नसतो.

कायद्याने ह्या अन्यायावर शिक्कामोर्तब केले आहे. २०२१ साली केंद्र सरकारने जुनी वाहने मोडीत काढण्याचे धोरण जाहीर केले आणि त्याच वर्षी केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल करून, पन्नास वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळे स्थान दिले. नव्या नोंदणीस २०,००० रुपये व पुनर्नोंदणीस ५,००० रुपये भरले की त्यांची सोय झाली. ह्याउलट मुंबईच्या टॅक्सीला वयोमर्यादा वीस वर्षांची. २००३ साली नोंदलेल्या अखेरच्या पद्मिनीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली आणि ती रस्त्यावरून हटली. पन्नाशी उलटलेली कॅडिलॅक वारसा ठरते, विशीतली पद्मिनी भंगार ठरते! फरक वयाचा नाही. एक मोटार मालकाची हौस भागविते, दुसरी चालकाचे पोट भरते, हा फरक आहे.

ह्यावर आक्षेप येईल की, व्हिंटेज मोटारींना रोजच्या वापराची व धंद्याची मनाई आहे. त्या प्रदर्शनापुरत्या बाहेर पडतात, टॅक्सी मात्र दिवसभर धूर सोडते. आक्षेप खरा आहे, आणि मुंबईच्या फुप्फुसांची काळजी श्रमिकांनाच सर्वांत अधिक असावयास हवी, कारण रस्त्यावर तेच जगतात. जुन्या टॅक्सी जाव्यात, ह्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो खर्च कोणी सोसावा ह्याबद्दल. स्वच्छ हवेचा लाभ साऱ्या शहराला आणि नव्या गाडीच्या कर्जाचा हप्ता एकट्या चालकाला, ही कोठली वाटणी?

मोटारीच्या चकाकीमागे माणूस कसा विसरला जातो, ह्याचा ताजा दाखला जांब्यापासून फार दूर नाही. तीच जनरल मोटर्स पुन्हा भारतात आली आणि २००८ साली तिचा तळेगावचा कारखाना सुरू झाला. २०१७ साली कंपनीने देशातील विक्री थांबविली आणि २०२०च्या अखेरीस उत्पादनही बंद केले. हजाराहून अधिक कामगारांच्या रोजगारावर गदा आली. त्यांनी न्यायालयात दाद मागितली, आंदोलने केली. २०२३ साली कारखाना दुसऱ्या परदेशी कंपनीला देण्याचा करार झाला. यंत्रे व इमारती ह्यांना गिऱ्हाईक मिळाले, कामगारांच्या वर्षांना मात्र कोणी भाव विचारला नाही. १९५४ साली शेव्हर्ले गेली ती राष्ट्राने अट घातली म्हणून. ह्या वेळी ती गेली ती स्वतःच्या सोयीने, आणि राष्ट्राने तिला कसलीच अट घातली नाही. सत्तर वर्षांत आपण किती मागे आलो, ह्याचे मोजमाप ह्यात आहे.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. टॅक्सी मोडीत काढावयाची तर चालकाला पुरेशी भरपाई व सार्वजनिक बँकेचे स्वस्त कर्ज मिळालेच पाहिजे. हौसेच्या मोटारींवर त्यांच्या बाजारभावाच्या प्रमाणात कर बसावा आणि तो पैसा सार्वजनिक बससेवेकडे वळवावा. कारखाना सोडून जाणाऱ्या कंपनीने कामगारांचा हिशेब चुकता केल्याखेरीज तिला मालमत्ता विकू देऊ नये.

सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली ह्याच मुळशीच्या मावळ्यांनी १९२१ साली धरणाविरुद्ध सत्याग्रह आरंभिला, तेव्हा प्रगतीची किंमत कोणी मोजावयाची, हाच प्रश्न होता. शंभर वर्षांनंतर तो सुटलेला नाही. नवरदेवाच्या मोटारीकडे जांब्याच्या पोरांनी खुशाल हौसेने पाहावे. पण तिच्यामागे खोळंबलेली बस वेळेवर कधी येईल, हा प्रश्न त्यांना विचारावयास शिकविणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे.