आधी बैठक, मग भिंग

दुर्बीण घ्यायची म्हटले की माणसे पहिला प्रश्न विचारतात, 'भिंग केवढे?' आणि दुसरा, 'किती पट मोठे दिसते?' महाविद्यालयासाठी वर्गणी काढून एक दुर्बीण घ्यावी असा विषय आमच्या मित्रमैत्रिणींत निघाला तेव्हाही हेच झाले. मी भाबडेपणाने विचारले, 'ती उभी कशावर राहणार?' सगळे हसले. एकजण म्हणाला, 'मुलगी पाहायला गेलेल्या माणसाने पाट पाहून परत यावे, तसा तुझा प्रश्न आहे!' त्या हसण्याला उत्तर द्यावे म्हणून हा लेखप्रपंच. दुर्बिणीच्या खरेदीत भिंगापेक्षा तिच्या बैठकीचा विचार आधी व्हावा, आणि कॅमेऱ्याच्या व संगणकाच्या मदतीने आकाश पाहायचे असेल तर आपल्यासारख्यांनी कोणती बैठक निवडावी, याविषयी माझे मत येथे मांडत आहे.

हा प्रश्न मला सुचला तो पुस्तकातून नाही. मी नववीत असताना एका शाळेत आकाशदर्शनाचा कार्यक्रम होता. मी हट्ट करून वडिलांना नेले. माझे वडील शाळेत चौथीपर्यंत गेले. पण आकाश त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. शेतीची वीज रात्री येते, तेव्हा गव्हाला पाणी देताना ते तिकांडे कुठवर आले हे पाहून किती रात्र उरली ते सांगतात. त्या रात्री ते रांगेत उभे राहिले, वाकले, एक डोळा मिटला. दुर्बीण एका काटकुळ्या तिपाईवर होती. वाऱ्याची झुळूक आली, कुणाचा धक्का लागला, की शनी डाव्या कडेने पळे. कुणी तो पुन्हा धरून देई, आणि वडील वाकेपर्यंत तो पुन्हा निघून जाई. मागे चाळीस माणसे खोळंबली होती. शेवटी वडील बाजूला झाले आणि म्हणाले, 'आम्हां अडाण्यांना काय दिसणार? तुम्हां शिकलेल्यांना दिसत असंल.'

ते वाक्य माझ्या मनातून अजून गेलेले नाही. दोष तिपाईचा होता, आणि त्यांनी तो आपल्या अडाणीपणाच्या खाती मांडला. ज्यांच्या घरात शिक्षणाची पहिलीच पिढी आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. आपल्याला एखादी गोष्ट दिसली नाही, समजली नाही, की आपण प्रथम स्वतःलाच दोष देतो. साधन डळमळते आहे, ही शंका आपल्याला शेवटी येते.

आता मूळ विषयाकडे वळू. पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून आकाश तासाला १५ अंश सरकते. म्हणजे एका सेकंदाला १५ विकला. (अंशाचा साठावा भाग कला, कलेचा साठावा भाग विकला. तेव्हा आम्ही कला शाखेचे विद्यार्थी आकाशाला अगदीच परके नाही!) चंद्राच्या बिंबाएवढे अंतर आकाश दोन मिनिटांत ओलांडते. चारशे मिलिमीटर नाभीय अंतराची लहान दुर्बीण आणि तिला आजचा साधा कॅमेरा जोडला तर कॅमेऱ्याचा एक पिक्सेल आकाशातल्या सुमारे दीड विकलेएवढा असतो. याचा अर्थ, बैठक स्थिर ठेवली तर विषुववृत्ताजवळचा तारा एका सेकंदात दहा पिक्सेल पळतो. ठिपक्याची रेघ होते. म्हणून बैठकीला दोन कामे असतात : दुर्बीण हलू न देणे, आणि आकाशाबरोबर तिला हलवत नेणे. पहिले काम वजनाचे, दुसरे गतीचे.

बैठकीच्या जाती मुख्यतः दोन. पहिली विषुववृत्तीय. तिचा एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर, म्हणजे ध्रुवाकडे रोखलेला असतो. मग एकाच अक्षाभोवती एकाच वेगाने फिरवले की तारा जागच्या जागी राहतो. घड्याळाच्या यंत्रासारखे साधे यंत्र एवढे काम करू शकते. म्हणून जुन्या काळी हीच बैठक खरी मानली गेली. जयपूरच्या जंतरमंतरातील सम्राट यंत्राची तिरपी भिंत २७ अंशांनी चढते ती याच तत्त्वाने. पुण्यात प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला यांच्या वेधशाळेत भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून २० इंची ग्रब दुर्बीण आली तीही अशाच बैठकीवर. १९१२ साली ती वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. डॉ. गोविंद स्वरूप यांनी तर कमाल केली. उटीजवळ त्यांनी असा डोंगर शोधला की ज्याचा उतारच तिथल्या अक्षांशाएवढा, सुमारे ११ अंश आहे. आणि त्या उतारावर ५३० मीटर लांबीची रेडिओ दुर्बीण १९७० साली उभी केली. डोंगरालाच त्यांनी बैठक केले!

दुसरी जात उन्नतांश-दिगंशाची. ती वरखाली आणि डावीउजवीकडे फिरते, तोफेसारखी. बनवायला सोपी, वजनाला हलकी, पण तारा धरून ठेवायचा तर दोन्ही अक्ष सतत बदलत्या वेगाने फिरवावे लागतात. हे गणित क्षणाक्षणाला करणार कोण? संगणक आल्यावर हा प्रश्न सुटला. सोव्हिएत रशियाची सहा मीटरची दुर्बीण १९७५ साली अशा बैठकीवर सुरू झाली, आणि त्यानंतर जगातल्या बहुतेक मोठ्या दुर्बिणी याच वाटेने गेल्या. आपल्या महाराष्ट्रातही हेच दिसते. खोडदच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आणि गिरवलीची २००६ साली सुरू झालेली दोन मीटरची दुर्बीण, दोन्ही उन्नतांश-दिगंशाच्याच बैठकीवर आहेत.

तरीही हौशी मंडळींत असा समज दृढ आहे की कॅमेरा लावायचा तर विषुववृत्तीय बैठकच हवी. हा समज खोटा नाही. पण तो अर्धा आहे, आणि आपल्याला गैरलागू आहे.

उन्नतांश-दिगंशाच्या बैठकीवर तारा मध्यभागी राहतो खरा, पण त्याच्याभोवतीचे चित्र हळूहळू गरगरते. ते किती, हे मोजून पाहू. सोयगावचा अक्षांश सुमारे २०.६ अंश. दक्षिणेला ४५ अंश उंचीवरचा तारा धरला तर चित्र तासाला सुमारे २० अंश फिरते. एकच छायाचित्र पाच मिनिटे घेतले तर मध्यापासून हजार पिक्सेलवरचा तारा सुमारे २९ पिक्सेल ओढला जाईल. चित्र वाया गेले. पण तेच दहा सेकंदांचे असेल तर तो तारा जेमतेम एक पिक्सेल सरकतो. डोळ्याला कळणारही नाही.

आणि इलेक्ट्रॉनिक साहाय्याने आकाश पाहण्याची सारी गंमत या दहा सेकंदांतच आहे. येथे एक लांबलचक छायाचित्र घ्यायचे नसते. दहा-दहा सेकंदांची अनेक चित्रे घ्यायची. संगणक त्यांतले तारे ओळखतो, प्रत्येक चित्र हवे तेवढे फिरवून आधीच्यावर नेमके बसवतो आणि बेरीज करत जातो. शंभर चित्रे, म्हणजे साधारण सतरा मिनिटे झाली, की एका चित्राच्या मानाने खरखर दहापट कमी होते. आपल्या तालुक्यातल्या अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात शिरल्यावर काय होते ते आठवा. प्रथम नुसता काळोख. मग डोळे सरावतात आणि भिंतीतून पद्मपाणी हळूहळू पुढे येतो. पडद्यावर मृगातला तेजोमेघ अगदी तसाच उमलतो. फरक एवढाच, की डोळा सरावतो त्याला मर्यादा आहे. कॅमेरा प्रकाश साठवत राहतो.

चित्र फिरण्याचा प्रश्न असा निकालात निघाल्यावर विषुववृत्तीय बैठकीसाठी ओझे का वाहायचे? होय, ओझेच. मध्यम आकाराची अशी बैठक, तिची तोलवजने आणि तिपाई मिळून वीस किलोंच्या वर सहज जाते. ती रोज ध्रुवाशी जुळवावी लागते. आणि आपल्याकडे ध्रुव क्षितिजापासून फक्त वीस-एकवीस अंशांवर, कुणाच्या तरी लिंबाच्या झाडाआड! उलट पाच किलो वजन पेलणारी मोटारीची छोटी उन्नतांश-दिगंश बैठक एका हाताने उचलता येते. बारा व्होल्टच्या बॅटरीवर ती चालते, म्हणजे वीज गेली तरी अडत नाही. किंबहुना दिवे गेले तर बरेच! तिला जमिनीवर समपातळीत ठेवायचे आणि एकदोन तारे दाखवायचे. पुढे संगणक चित्रातल्या ताऱ्यांच्या रचनेवरून दुर्बीण कुठे रोखली आहे ते ओळखतो आणि चूक दुरुस्त करतो.

उचलता येण्याचा हा मुद्दा मुले हसण्यावारी नेतील. आम्हां मुलींना तो नेता येत नाही. वेताळवाडीच्या किल्ल्यावर रात्री काळेभोर आकाश असते हे मला मान्य. पण तिथे आम्हांला रात्री कोण सोडणार? जी दुर्बीण एक मुलगी एकटी उचलून आपल्या गच्चीवर किंवा खळ्यात मांडू शकेल, तीच आम्हां मुलींची. दोन धट्टीकट्टी मुले आल्याशिवाय जी हलणार नाही, ती कपाटातच राहील.

या बैठकीत काहीच उणे नाही असे मी म्हणत नाही. अगदी डोक्यावरचे आकाश तिला झेपत नाही. तिथे तिला गरकन वळावे लागते आणि चित्रही वेगाने फिरते. कृत्तिका आपल्याकडे जवळजवळ माथ्यावरून जातात. त्यांना पूर्वेला किंवा पश्चिमेला असतानाच गाठावे. ठीक पूर्वेला आणि ठीक पश्चिमेला तर चित्र फिरत नाही म्हटले तरी चालेल. ज्यांना प्रदर्शनात लावण्यासारखी दीर्घ छायाचित्रे घ्यायची आहेत त्यांनी विषुववृत्तीय बैठकच घ्यावी. यंत्रमानवाच्या सांध्यांसारखी दंतचक्रे असलेल्या हलक्या बैठका हल्ली मिळतात, पण त्यांची किंमत आपल्या वर्गणीच्या पलीकडची आहे. कुणी म्हणेल, सीस्टारसारखी सगळेच एका डबीत असलेली दुर्बीण का घेऊ नये? २०२३ साली बाजारात आलेल्या त्या ५० मिलिमीटरच्या दुर्बिणीची बैठकही उन्नतांश-दिगंशाचीच आहे, हे माझ्या बाजूने बोलते. परंतु तिच्यातला एक भाग बिघडला की सगळीच डबी बंद. सुट्या भागांची जुळणी केली तर आज लहान भिंग, उद्या मोठे. आज जुना लॅपटॉप, उद्या नवा, असे वाढता येते, आणि मुख्य म्हणजे जुळवताना शिकता येते.

माझी सूचना थोडक्यात अशी : शंभर रुपयांतले साठ बैठकीला आणि तिपाईला द्या, उरलेल्यांत भिंग आणि कॅमेरा बसवा. बैठक जेवढे वजन पेलेल असे कारखाना सांगतो त्याच्या निम्म्यापर्यंतच लादा. तिपाईचे पाय पूर्ण उघडू नका. उंची कमी असली तरी चालते, कारण पाहायचे आहे ते पडद्यावर, वाकून नव्हे.

या शेवटच्या वाक्यासाठीच खरे तर मी हा लेख लिहिला. पडद्यावर चाळीस माणसांना एकाच वेळी एकच गोष्ट दिसते. मोतीबिंदू झालेल्या आजीलाही दिसते, कडेवरच्या पोरालाही दिसते. 'दिसले का?' असे कुणी विचारत नाही, आणि न दिसल्याची लाज कुणाला वाटत नाही.

'बैठक' या शब्दाला मराठीत आणखी एक अर्थ आहे. गवयाची बैठक पक्की आहे, अमक्याला अभ्यासाची बैठक नाही, असे आपण म्हणतो. माझ्या घरात पुस्तकांची बैठक नव्हती. पण रात्रीच्या गारठ्यात पाण्याच्या पाळीवर उभे राहणारे कुणीतरी होते, म्हणून मी आज इथे बसून हे लिहू शकते. भिंगाचे कौतुक सगळे करतात. त्याला ज्याने धरून ठेवले त्याच्याकडे पाहायला कुणाला सवड नसते. आमच्या दुर्बिणीची वर्गणी पुरी झाली तर पहिल्या रात्री मी वडिलांना पुन्हा घेऊन येणार आहे. त्या वेळी शनी पळता कामा नये, एवढीच माझी मागणी आहे.

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला