मुंडकारपण आभाळातलंही

जुलैच्या पावसात गोव्यात, पेडण्यातल्या मोपा विमानतळाबाहेर टॅक्सीत बसलो. सड्यावर ढग इतका खाली उतरला होता की पुढचा रस्ता दिसेना. चालकाने फोनवरच्या निळ्या ठिपक्याकडे बोट दाखवलं. "अमेरिकेचे उपग्रह आमकां वाट दाखयतात, तेंय फुकट. मागीर आमी इतलो खर्च कित्याक करपाचो?"

शिकलीसवरलेली माणसंही हेच म्हणतात, फक्त भारदस्त शब्दांत: विज्ञानाला सीमा नसतात, बलाढ्य देश देतील ते घ्यावं, गरिबाने रॉकेटं उडवू नयेत. मला हे साफ नामंजूर आहे, आणि पेडण्याच्या माणसाला तर ते मुळीच पटू नये. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, भाटात घर करून राहणारा मुंडकार आपण विसरलो का? भाटकार भला असेल तर विहिरीवर पाणी भरता येई, चार नारळ मिळत. मर्जी फिरली की बिऱ्हाड उचलायची पाळी. 1975चा मुंडकार कायदा आला तो सगळे भाटकार वाईट होते म्हणून नव्हे. डोक्यावरचं छप्पर कुणाच्या मर्जीवर असू नये म्हणून.

निळ्या ठिपक्याचंही तेच. मे 2000पर्यंत अमेरिका नागरी जीपीएसचा संकेत मुद्दाम ढोबळ करून सोडत असे. मग त्यांच्या सरकारने ठरवलं आणि तो अचूक झाला. बरंच झालं, पण ठरवलं त्यांनी.

समोरच्यांचा एक मुद्दा मात्र भक्कम आहे. 21 नोव्हेंबर 1963ला थुंब्याहून उडालेलं पहिलं रॉकेट अमेरिकेचं नायके-अपाची होतं. 1975मध्ये 'आर्यभट' सोव्हिएत रॉकेटने वर नेला, आणि त्याच वर्षी नासाच्या उपग्रहावरून आपल्या 2400 खेड्यांत दूरचित्रवाणी पोचू लागली. हे ऋण मानलंच पाहिजे. पण शीतयुद्धात दोन्ही भाटकारांना आपण आपापल्या बाजूला हवे होतो, आणि इंजिन कसं बनवायचं हे शिकायची वेळ आली तेव्हा दार बंद झालं. 1991मध्ये ग्लावकॉसमॉस या सोव्हिएत संस्थेशी क्रायोजेनिक इंजिनाच्या तंत्रज्ञानाचा करार झाला. मे 1992मध्ये अमेरिकेने इस्रो आणि ग्लावकॉसमॉस दोघांवर निर्बंध घातले. कारण दिलं क्षेपणास्त्र-प्रसाराचं. पण या इंजिनाचं इंधन, द्रव हायड्रोजन, उणे 253 अंशांवर सांभाळावं लागतं. असं इंधन भरून क्षेपणास्त्र कोण सज्ज ठेवील? तरीही 1993मध्ये रशियाने माघार घेतली. तयार इंजिनं दिली, विद्या दिली नाही.

पुढची वीस वर्षं आपण ती विद्या स्वतः कमावली. एप्रिल 2010मध्ये स्वदेशी इंजिनाचं पहिलं उड्डाण बंगालच्या उपसागरात बुडालं. 5 जानेवारी 2014ला यश आलं. आणि 30 जुलै 2025ला नासाचं रडार घेऊन 'निसार' उपग्रह श्रीहरिकोट्याहून निघाला तो आपल्या जीएसएलव्ही रॉकेटने, स्वदेशी क्रायोजेनिक टप्प्याच्या बळावर. ज्या देशाने इंजिन अडवलं, त्यानेच आपलं मोलाचं यंत्र त्या इंजिनाच्या हवाली केलं. आपण हात पसरून उभे असतो तर हे घडलं नसतं.

आता द्यायची पाळी आपली आहे, आणि इथे मला आपल्याच लोकांशी भांडायचं आहे. मे 2017मध्ये आपण शेजाऱ्यांसाठी दक्षिण आशिया उपग्रह सोडला, तेव्हा सगळीकडे दातृत्वाचा गजर झाला. उपग्रह उपयोगाचा आहे, पण दिले ते नारळच. माड आपल्याच भाटात राहिला. त्याहून मोठं काम नोव्हेंबर 2022मध्ये झालं आणि त्याची चर्चा फारशी झाली नाही. आपल्या पीएसएलव्ही रॉकेटने भूतानसाठीचा छोटा उपग्रह नेला. त्यातला कॅमेरा इस्रोचा होता, पण रेडिओ-उपकरण भूतानच्या अभियंत्यांनी बंगळुरूत, आपल्या अभियंत्यांच्या शेजारी बसून, शिकत शिकत बांधलं होतं.