पडद्यावरचे बोट

‘मुलाचे लक्ष लागत नाही’ ही तक्रार बालरोगतज्ज्ञाला नवी नाही. मात्र मार्च २०२० मध्ये शाळा बंद होऊन वर्ग मोबाईलवर आला, तेव्हापासून तिचे स्वरूप पालटले. शाळा पुन्हा भरल्या, तरी ध्वनिचित्रित व्याख्याने घरात राहिलीच. आता पालक तक्रारीसोबत निदानही घेऊन येतात : अतिचंचलता. माझ्या मते अशा पुष्कळ प्रसंगी तपासणी मुलाची होते आणि व्याख्यान तपासल्यावाचून सुटते.

नऊ ते बारा महिन्यांचे मूल दुसऱ्याने दाखविलेल्या बोटाच्या दिशेने पाहू लागते. हा टप्पा आपण सारेच तपासतो. पुढील शिक्षणही पुष्कळसे त्याच बोटावर उभे असते. नकाशातील तापीवर पट्टी टेकवून गुरुजी ‘इथे पाहा’ म्हणतात, वर्गावर नजर फिरवतात, खिडकीबाहेर पाहणाऱ्याला नावाने हाक मारतात. चित्रफितीत हे सारेच हरपते. कोपऱ्यात शिक्षकांचा चेहरा, शेजारी मजकुराने गच्च भरलेला फलक आणि चाळीस मिनिटे अखंड बोलणे. मुलाने पाहावे कुठे?

आपला कुंडी भंडाराच घ्या. सातपुड्याच्या पायथ्याचे झिरपते पाणी भुयारी वाटेने, कुंडीमागून कुंडी ओलांडत शहराकडे कसे येते, हे सांगताना संपूर्ण आकृती नावांसह एकदम दाखवली, तर नजर भरकटणारच. त्याऐवजी उरलेली आकृती फिकी ठेवून पाण्याची निळी रेघ बोलण्याच्या गतीने पुढे सरकवली, तर दहा वर्षांचे मूलही तिच्यामागे जाते. नाचती अक्षरे आणि पार्श्वसंगीत लक्ष वेधून घेतात, पण विषयाकडे वळवत नाहीत. हा भेद चित्रफिती विकणाऱ्यांना कळत नाही की परवडत नाही, कोण जाणे!

दुसरा उपाय प्रश्नाचा. श्पुनार व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २१ मिनिटांचे व्याख्यान चार भागांत विभागले होते. प्रत्येक भागानंतर छोटी चाचणी दिलेल्या विद्यार्थ्यांचे मन इतरांच्या सुमारे निम्मेच भटकले. ते विद्यार्थी महाविद्यालयीन वयाचे होते. शाळकरी मुलाकडून, त्यातही घरी मराठी आणि व्याख्यान हिंदीत अशा आपल्याकडच्या मुलाकडून, आपण अधिक अपेक्षा कशी करावी? वेबिनार ऐकताना मोबाईल चाळणाऱ्या व्यवसायबंधूंना हे अधिक समजावयास नको.

अतिचंचलतेच्या निदानासाठी लक्षणे एकाहून अधिक ठिकाणी, बारा वर्षांच्या आधीपासून दिसावी लागतात. जे मूल मैदानात, गोष्ट ऐकताना, पतंगाचा मांजा सोडवताना रमते आणि केवळ पडद्यापुढे चुळबुळते, त्याला हे नाव देण्याची घाई करू नये. खरा आजारही असतो आणि त्याचे उपचार टाळणे तितकेच घातक. म्हणूनच तपशिलात शिरणे आवश्यक ठरते. अशा मुलाचे पालक आले, की मी त्यांना तेच व्याख्यान मोबाईलवर लावावयास सांगतो आणि दहा मिनिटे मुलाशेजारी बसून पाहतो.