द्रव्याची पारख

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या शिखरावर बसविण्यासाठी राजराज चोळाने आपल्या कारकिर्दीच्या पंचविसाव्या वर्षी, म्हणजे इ. स. १०१० च्या सुमारास, एक कलश अर्पण केला. त्याची नोंद मंदिराच्या दगडावर तमिळ भाषेत कोरलेली आहे. त्या नोंदीत आधी तांब्याचे वजन येते, ३०८३ पलम्. आणि मग त्यावर चढविलेल्या सोन्याचे वजन वेगळे येते, २९२६॥ कळंजु. खालून पाहणाऱ्या भाविकाला तो कलश सोन्याचाच दिसत असणार. नोंद ठेवणाऱ्याला मात्र दिसण्याशी कर्तव्य नव्हते. वस्तू एक असली तरी तिच्यात द्रव्ये दोन आहेत, हे त्याने स्पष्ट लिहून ठेवले.

देवाला वाहिलेल्या दागिन्यांच्या नोंदी तर याहून चोखंदळ आहेत. सोने ‘आडवल्लान’ नावाच्या वजनाने तोलले आणि रत्ने ‘दक्षिणमेरुविटंकन’ नावाच्या दुसऱ्या वजनाने. रत्ने तोलताना ओवलेला दोरा काढून ठेवला. दागिन्याच्या पोकळीत लाख भरलेली असेल, तर एकूण वजन लाखेसह आहे असे सांगितले. मोत्यांची नुसती संख्या दिली नाही. गोल मोती, गोलसर मोती, घासून चकचकीत केलेले मोती, बारीक मोती, जोडमोती अशी त्यांची विभागणी केली. वजनाचा सर्वांत लहान घटक कुन्री, म्हणजे गुंजेचे बी. महाराष्ट्रातील सोनारही आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा मोजत आले, तेव्हा हा हिशेब मराठी माणसाला परका वाटू नये.

याच मंदिराच्या भिंतीवर सरफोजीराजे भोसले यांनी १८०३ साली आपल्या घराण्याचा इतिहास मराठीत कोरविला. मराठी प्रवासी तंजावरला गेला की त्या प्रदीर्घ लेखापाशी आवर्जून थांबतो, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु विज्ञान शिकू इच्छिणाऱ्याने जवळच्या त्या तमिळ नोंदींपाशीही थांबावे. द्रव्याचे गुणधर्म आणि त्यांवरून करावयाचे वर्गीकरण या विषयाचा उत्तम पाठ तेथे आहे.

शालेय पुस्तकांत हा विषय सहसा व्याख्येने सुरू होतो. ज्याला वस्तुमान असते आणि जे जागा व्यापते ते द्रव्य. त्याच्या अवस्था तीन : स्थायू, द्रव आणि वायू. त्याचे प्रकार तीन : मूलद्रव्य, संयुग आणि मिश्रण. व्याख्या अचूक आहेत. त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. आक्षेप आहे तो क्रमाला. ज्याची शाळा लहानपणीच सुटली आणि जो पंचविसाव्या किंवा चाळिसाव्या वर्षी पुन्हा पुस्तक हाती घेतो, त्याला पहिल्याच पानावर असे वाटू लागते की ही सारी माहिती दुसऱ्या कोणाची तरी आहे. वस्तुतः दुधात पाणी किती हे बोट बुडवून सांगणारी गवळण, वाळूत माती जास्त आहे हे मुठीत घेऊन ओळखणारा गवंडी, पितळेच्या भांड्याचा आवाज ऐकून त्याचा कस सांगणारा तांबट, ही सारी माणसे द्रव्याची पारख करूनच पोट भरत असतात. त्यांच्या ज्ञानाला पुस्तकात जागा मिळत नाही, एवढेच.

तंजावर जिल्ह्यातच कुंभकोणमजवळ स्वामिमलै नावाचे गाव आहे. तेथील स्थपती पिढ्यान्‌पिढ्या धातूच्या मूर्ती ओततात. प्रथम मधमाश्यांचे मेण, राळ आणि तेल एकत्र करून मूर्ती घडवितात. तिच्यावर कावेरीच्या गाळाच्या बारीक मातीचे थर देतात, थर वाळले की साचा तापवितात. मेण वितळून बाहेर पडते आणि आत मूर्तीच्या आकाराची पोकळी उरते. त्या पोकळीत वितळलेला धातू ओततात. धातू निवला की साचा फोडतात. एका साच्यातून एकच मूर्ती.

या कामात द्रव्याचे गुणधर्म किती पाहावे लागतात! मेण साठ-पासष्ट अंश सेल्सिअसला वितळते, तांब्याला मात्र हजाराहून अधिक, सुमारे १०८५ अंश लागतात. माती तापली की वितळत नाही, घट्ट होते. मेणाचे वितळणे उलटविता येते, कारण थंड झाले की ते पुन्हा मेणच असते. भाजलेल्या मातीचा पुन्हा चिखल होत नाही. भौतिक बदल आणि रासायनिक बदल यांतील फरक समजावण्यासाठी पुस्तके मेणबत्तीचे उदाहरण देतात. स्वामिमलैच्या साच्यात तोच फरक एकाच भट्टीवर शेजारी शेजारी दिसतो.

परंतु सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट पुढेच आहे. मूर्तीला धातू किती लागेल हे आधी कसे कळावे? ओतताना तो कमी पडला तर सारे श्रम वाया जातात. त्यासाठी स्थपती मेणाची मूर्ती तराजूत घालतो आणि तिच्या वजनाला ठरावीक संख्येने गुणतो. भरीव मूर्तीत मेणाने जेवढी जागा व्यापली तेवढीच धातू व्यापणार. फरक पडतो तो त्या जागेत मावणाऱ्या वस्तुमानाचा. मेण पाण्याहून किंचित हलके आणि तांबे पाण्याच्या जवळजवळ नऊपट जड, म्हणून एक किलो मेणामागे नऊ-साडेनऊ किलो तांबे हवे. शाळेत यालाच घनता म्हणतात. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथातही मेणावरून मूर्ती ओतण्याचे वर्णन आहे, आणि तेथे तांब्यापेक्षा रुप्याला व रुप्यापेक्षा सोन्याला मोठा गुणक सांगितला आहे. घनतेचे सूत्र पाठ करून विसरणारा विद्यार्थी आणि सूत्र न शिकता आयुष्यभर ते वापरणारा कारागीर यांपैकी अज्ञानी कोणाला म्हणावे, याचे उत्तर इतके सोपे नाही.

मात्र येथे एक सावधगिरी हवी. हाताला सर्व काही कळते असे म्हणणे ही कारागिराची स्तुती होईल, विज्ञान होणार नाही. या मूर्तींच्या धातूला ‘पंचलोह’ म्हणतात. नावावरून पाच धातू सारख्या मानाने असावेत असे वाटते. प्रत्यक्षात तांबेच बहुतांश असते, जस्त, शिसे, कथील थोडे आणि सोने-रुपे नाममात्र. नावावरून घटकांचे प्रमाण कळत नाही आणि डोळ्यांनाही ते दिसत नाही. मंदिराच्या पाषाणात निरनिराळ्या रंगांचे कण वेगळे दिसतात, म्हणून ते विषमांगी मिश्रण हे सहज ओळखता येते. पंचलोह मात्र एकजीव दिसते. ‘द्रव्य’ या शब्दाचाही अनुभव असाच. व्यवहारात द्रव्य म्हणजे पैसा. वैशेषिक दर्शनाने द्रव्ये नऊ मानली आणि त्यांत पृथ्वी, आप, तेज, वायू यांच्याबरोबर काल, दिशा, आत्मा आणि मन यांनाही बसविले. त्या वर्गीकरणाची कसोटी निराळी होती. कसोटी बदलली की यादी बदलते, आणि म्हणूनच यादीपेक्षा कसोटी अधिक मोलाची.

याचा पुरावाही तंजावरातच आहे. सरफोजीराजे (१७७७–१८३२) यांनी सरस्वती महाल ग्रंथालयात संस्कृत, तमिळ, मराठी पोथ्यांबरोबर युरोपीय ग्रंथांचाही मोठा संग्रह केला. त्यांत फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिए याचा मूलभूत रसायनशास्त्रावरील ग्रंथ आहे. १७८९ साली प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथात लव्हाझिएने एक साधी कसोटी घालून दिली : आजवरच्या कोणत्याही उपायाने ज्याचे आणखी विघटन करता येत नाही, ते मूलद्रव्य. तिच्या आधारे त्याने तेहतीस मूलद्रव्यांची यादी केली. तीत ऑक्सिजन, हायड्रोजन, गंधक, सोने, तांबे आहेत. पण प्रकाश आणि उष्णताही आहेत, शिवाय चुना आणि सिलिका आहेत. आजच्या परीक्षेत ही उत्तरे चुकीची ठरतील. उष्णतेला वस्तुमान नाही, म्हणून ती द्रव्यच नव्हे. चुना आणि सिलिका ही संयुगे आहेत. चुन्यासारखी ‘मृदा’ पुढे मूलद्रव्यांतून वगळावी लागेल, असा संशय खुद्द लव्हाझिएने व्यक्त केला होता. आपली यादी तात्पुरती आहे हे तो जाणून होता. आज ज्ञात मूलद्रव्यांची संख्या ११८ आहे, आणि ती यादीही त्याच्याच मार्गाने, एकेक नाव काढून आणि एकेक घालून, सिद्ध झाली.

सरफोजींनी पुस्तके केवळ जमविली नाहीत. १८०५ साली त्यांनी देवनागरी मुद्रणालय उभारले, आणि १८०६ मध्ये तेथून ‘बालबोध मुक्तावली’ हे इसापनीतीचे मराठी भाषांतर छापून निघाले. धन्वंतरी महालात औषधांचे प्रयोग होत, आणि नवविद्याकलानिधिशाळेत नव्या विद्यांचे शिक्षण दिले जाई. ज्या राजाची सत्ता इंग्रजांनी किल्ल्यापुरती उरू दिली, त्याने हे केले याचे महत्त्व कमी लेखता येत नाही. तरीही त्या ग्रंथालयातील रसायनशास्त्राचे पुस्तक आणि भट्टीजवळची मूस यांच्यामधले अंतर पुढच्या दोनशे वर्षांत फारसे मिटले नाही. पुस्तक शिकलेल्याकडे राहिले, मूस कारागिराकडे. ही स्थिती एकट्या तंजावरची नाही. कोल्हापूरच्या सराफकट्ट्यावर आणि पुण्याच्या तांबट आळीतही याहून वेगळे काही घडले नाही.

तेव्हा मुक्त शाळेत शिकणाऱ्या प्रौढ विद्यार्थ्याची परीक्षा घ्यायचीच असेल, तर ‘द्रव्य म्हणजे काय?’ असे विचारण्याऐवजी त्याच्यासमोर कळीच्या चुन्याचा खडा ठेवावा. त्यावर पाणी पडले की तो तडकतो, फुगतो, वाफा सोडतो आणि हात भाजण्याइतका तापतो, हे भिंतींना सफेदी करणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. हे वर्णन तो आपल्या शब्दांत लिहू शकेल, आणि बदल भौतिक की रासायनिक हे ठरविण्याचा प्रयत्नही करील. मग त्याला सांगावे की या खड्यात कॅल्शियम आणि ऑक्सिजन ही दोन मूलद्रव्ये आहेत, आणि १८०८ साली हंफ्री डेव्हीने विजेच्या साहाय्याने कॅल्शियम वेगळे करीपर्यंत ही गोष्ट जगात कोणालाही सिद्ध करून दाखविता आली नव्हती.