टेकू काढण्यापूर्वी

जीर्ण हिपॅटायटिस बीचा रुग्ण औषध सोडतो, तो बहुधा प्रकृती सुधारल्यावर. भूक लागते, थकवा जातो, तपासणीत विषाणू ‘आढळला नाही’ असे येते. मग रोजची गोळी कशासाठी, असे त्यास वाटू लागते. सोमाटणे परिसरातील असा रुग्ण पुण्याच्या तज्ज्ञांकडे जाण्यापूर्वी आपल्या दवाखान्यात किंवा औषधांच्या दुकानात विचारतो, “आता बंद केली तर चालेल का?” त्या उत्तराची जबाबदारी आपली आहे.

एंटेकॅव्हिर व टेनोफोव्हिर ही औषधे विषाणूची वाढ रोखतात. परंतु यकृतपेशींच्या केंद्रकात दडलेला त्याचा मूळ साचा नष्ट करीत नाहीत. औषध परस्पर थांबविल्यास विषाणू पुन्हा वाढून यकृतदाह उफाळू शकतो आणि सिऱ्होसिस झालेल्या रुग्णाच्या प्राणावर बेतते. हिपॅटायटिस सी मात्र बहुतेकांत १२ किंवा २४ आठवड्यांच्या उपचाराने बरा होतो. ‘शेजाऱ्याचे औषध तीन महिन्यांत संपले’ हा दाखला म्हणूनच येथे लागू नाही.

आयुर्वेदाच्या अभ्यासकास ही कल्पना नवी नसावी. योग्य उपचार चालू असेतोच ताब्यात राहतो, तो याप्य व्याधी. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात त्यास कोसळू पाहणाऱ्या घराला दिलेल्या टेकूची उपमा दिली आहे. घर उभे दिसते म्हणून टेकू काढावयाचा नसतो. चरकाचार्यांनी रुग्णाच्या चार गुणांत स्मृती व निर्देशकारित्व यांची गणना केली, तीही याच कारणास्तव.

भूम्यामलकीविषयी काही व्यवसायबंधू आग्रही असतात. १९८८ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या मद्रासच्या अभ्यासात ही वनस्पती घेणाऱ्या ३७ पैकी २२ वाहकांच्या रक्तातून विषाणूचे पृष्ठीय प्रतिजन नाहीसे झाले होते. तथापि अन्यत्र झालेल्या चाचण्यांत तसा परिणाम दिसला नाही. तेवढ्या आधारावर चालू औषध बंद करावयास सांगणे शास्त्रास धरून नाही. अग्निदीपन, पथ्य, मद्यवर्जन यांसाठी आपले साहाय्य अवश्य द्यावे. मात्र ते पर्याय म्हणून नव्हे. टेनोफोव्हिर घेणाऱ्याच्या वृक्कांवर लक्ष ठेवावे लागते, हे जाणून रसकल्पांची योजना टाळणेच इष्ट.

औषधविक्रेत्यांचे कार्यही तितकेच मोलाचे आहे. गोळ्या संपण्याची तारीख वहीत नोंदवून आठवडाभर आधी निरोप द्यावा. एंटेकॅव्हिर रिकाम्या पोटी, म्हणजे जेवणानंतर दोन तासांनी व पुढील जेवणापूर्वी दोन तास, घ्यावयाचे असते, हे प्रत्येक वेळी सांगावे. भातलावणीच्या दिवसांत किंवा कारखान्याच्या पाळीमुळे रुग्णास खेप घालणे जमत नाही. अशा वेळी साठा आधीच नेण्याची आठवण करावी. खर्चाची अडचण सांगणाऱ्यास शासकीय उपचार केंद्राचा मार्ग दाखवावा. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात हिपॅटायटिस बी व सीची तपासणी आणि औषधे विनामूल्य दिली जातात.

औषध थांबविण्याचा प्रसंग काही रुग्णांत येतोही. पण तो निर्णय तपासण्या पाहून उपचार करणाऱ्या तज्ज्ञानेच घ्यावा. “बंद करू नका, आधी त्यांना विचारा” एवढे वाक्य आपल्याकडून गेले, तरी एखादे यकृत वाचेल. रुग्णाचा आपल्यावर जो विश्वास आहे, त्याचा याहून चांगला विनियोग कोणता?