माउथ ऑर्गन हे खेळणं नाही



सध्या टेम्पररी ड्यूटीवर श्रीपेरुंबुदूरला आहे. चेन्नईहून बंगळूर रस्त्याने चाळीसेक किलोमीटर. मोटारींचे कारखाने, शिफ्टच्या बसगाड्या आणि दिवसरात्र घाम.

गेल्या शनिवारी आमचा छोटासा बडाखाना झाला. कार्यक्रमाची यादी करणाऱ्याने एका तामिळ जवानाचं नाव खोडलं, कारण तो माउथ ऑर्गन वाजवणार होता. "पोरांचं खेळणं आहे ते, स्टेजवर बरं दिसत नाही. कराओके लावू." मग दोन तास पेन ड्राइव्हवरचं संगीत आणि त्यावर आमचे बेसूर गळे. जेवणं झाल्यावर त्या पोराने पाण्याच्या टाकीमागे बसून वाजवलं. ऐकायला आम्ही सहा जण होतो. पाच मिनिटं कुणी मोबाईलला हात लावला नाही.

नाव खोडलं तेव्हा मी शेजारीच उभा होतो आणि गप्प बसलो. माझ्या स्वतःच्या ट्रंकेत अठरा वर्षं माउथ ऑर्गन आहे, तरी गप्प बसलो. ते मनाला लागलं, म्हणून हे लिहितोय.

खेळणं म्हणता ना? १९६४ सालचा 'दोस्ती' आठवा. एक मुलगा आंधळा, तो गातो. दुसरा लंगडा, तो माउथ ऑर्गन वाजवतो. संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलालचं, त्यातले लक्ष्मीकांत कुडाळकर तर आपलेच. आणि तो माउथ ऑर्गन वाजवला कुणी? राहुलदेव बर्मनने, जो तेव्हा स्वतः संगीतकार झालेला होता. दुसऱ्याच्या चित्रपटात जाऊन कुणी खेळणं वाजवत नाही. त्या वर्षीचं संगीताचं फिल्मफेअरही 'दोस्ती'लाच मिळालं.

दुसरा आक्षेप जाणकारांचा: पट्टीचं वाद्य, त्यात मींड कुठे? हाच आक्षेप घेऊन ऑल इंडिया रेडिओने १९४० साली पेटीला बाहेर काढलं आणि १९७१ पर्यंत दार बंदच ठेवलं. पेटीपुरता तो आक्षेप समजतो. तिथे हवा भात्याची असते, बोट पट्टीवर असतं, स्वर आहे तिथेच राहतो. माउथ ऑर्गनमध्येही पितळेच्याच पट्ट्या असतात, पण भाता म्हणजे आपली छाती. साध्या दहा भोकांच्या बाजावर खालच्या भोकांतून श्वास आत ओढताना जिभेची जागा बदलली, की स्वर खाली वाकतो, अगदी रडवेला होतो. अमेरिकेतल्या काळ्या मजुरांनी ब्लूजमध्ये हेच केलं. आपल्याकडे जास्त विकला जातो तो दुहेरी पट्ट्यांचा बाजा. तो तसा सहज वाकत नाही हे खरं. पण त्यातल्या दोन पट्ट्या मुद्दाम किंचित वेगळ्या सुरात लावलेल्या असतात, म्हणून त्याचा आवाज थरथरतो. गळा दाटून आल्यावर आपला आवाज थरथरतो, तसाच.

माझ्या मते लोकसंगीतात आणि सिनेसंगीतात या वाद्याची ओढ आहे ती इथेच. बासरी, सनई फुंकायची असते. हा बाजा फुंकून वाजतो तसा श्वास आत घेतानाही वाजतो. माणूस हुंदका देतो तेव्हा श्वास आतच ओढतो ना? 'शोले'मधला जय आठवा. आयुष्यभर चोऱ्या केलेला माणूस, समोर कंदील विझवत फिरणारी राधा, आणि त्याला एक शब्द बोलता येत नाही. तिथे व्हायोलिनचा ताफा घेतला असता तर प्रसंग खोटा वाटला असता. भानू गुप्तांनी वाजवलेल्या त्या चार सुरांत जयचं न बोललेलं सगळं आलं. एकट्या माणसाचा आवाज लागतो तिथे हे वाद्य येतं.

एकटेपण म्हणजे काय हे फौजीला कुणी शिकवायला नको. पहिल्या महायुद्धात दोन्ही बाजूंच्या खंदकांत हा बाजा होता. शर्टाच्या खिशात मावतो, वीज लागत नाही, गुरू नसला तरी चालतो. स्वस्त आहे, हा त्याचा गुण. आपण मात्र स्वस्त म्हणून त्याला हलका ठरवला.

आता थोडं आपल्यालाही. वाजवणाऱ्यांनीसुद्धा या वाद्याचं नुकसान केलंय. तीच तीन गाणी, तीही घाईत. समोर माइक, वर इको इतका की सूर ओळखू येत नाही. मंडळी, इको बंद करा, तळहातांचा खोपा नीट धरा, आणि एखादी ओवी, एखादी लावणी बसवून बघा. वाद्य तोकडं नाही, आपला रियाझ तोकडा आहे.

हे श्रीपेरुंबुदूर रामानुजाचार्यांचं जन्मगाव. त्यांची गोष्ट इथे कुणीही सांगतं. गुरूने मंत्र दिला आणि बजावलं, कुणाला सांगू नकोस. हे तिरुक्कोष्टियूरच्या देवळावर चढले आणि खाली जमलेल्या सगळ्यांना तो मंत्र ओरडून सांगितला. आपल्याला नरक मिळाला तरी चालेल, पण लोक तरले पाहिजेत. ज्या गावाची ही गोष्ट, तिथे आम्ही एका पोराला टाकीमागे बसवलं, कारण त्याच्या हातात गरिबाचं वाद्य होतं.

पुढच्या महिन्यात पुन्हा बडाखाना आहे. यादीत पहिलं नाव त्या पोराचं असावं म्हणून मी आजच बोलून आलोय. दुसरं माझं लिहायला सांगितलंय. पेन्शनवर गेलेल्या माझ्या उस्तादांनो, तुमच्याही ट्रंकेत तळाशी एक बाजा असेल. काढा, पुसा आणि नातवंडांसमोर वाजवा. सूर चुकला तर चुकू द्या.